सूर्य मधे नसतो

"बौद्धवाडीतले सात जण गडग्याबाहेर. तुम्ही शेजारच्या दीर्घिका."

गुरुजींनी हे हातातल्या यादीत बघून सांगितलं. आमच्याकडे बघितलं नाही.

विज्ञान दिनाचा कार्यक्रम होता. मी सातवीत होते. शाळेच्या अंगणात फक्कीनं, कबड्डीचं मैदान आखतात त्या पांढऱ्या पुडीनं, मोठी आकाशगंगा काढली होती. मधे फुगीर गोल, त्यातून निघालेल्या वळणदार भुजा. भुजांवर पोरं उभी करायची. प्रत्येकाच्या कपाळाला चंदेरी कागदाचा तारा. वर मांडव घातलेला. सावली होती ती फक्त आकाशगंगेपुरती.

गडगा म्हणजे अंगणाभोवतीची चिऱ्यांची भिंत, कमरेएवढी. तिच्याबाहेर उघडा कातळ. फेब्रुवारीत अकरा वाजता त्या कातळावर अनवाणी उभं राहून बघा. पहिलीतल्या आमच्या एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, चपला घालू?"

गुरुजी म्हणाले, "ताऱ्यांना चपला असतात का गो?"

सगळी शाळा हसली. आम्हीही हसलो. बाकी सगळं मी सांगू शकते, पण त्या आमच्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

गाव रत्नागिरीपासून तासाभरावरचं. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर बाकीची गावं आपण सुटलो म्हणून निवांत होतील.

खरं तर ती आकाशगंगा माझी होती. महिनाभर आधी गुरुजींनीच मला एक पुस्तक दिलं होतं. म्हणाले होते, "वर्गात तुलाच हे कळेल. नीट वाच, कार्यक्रमात माहिती तू सांगायचीस." मी वाचलं. कळलं नाही ते पुन्हा वाचलं. घरी आई तांदूळ निवडायला बसली की मी तिच्या सुपात बोटानं भुजा काढायचे. एकेक दाणा म्हणजे एकेक सूर्य. "आणि आपला सूर्य खयंसा?" आई विचारायची. मी एका भुजेतला दाणा दाखवायचे. मधल्या गोलापासून चांगला लांब. आई म्हणायची, "म्हंजे आपल्या वाडीसारका." आणि खुदकन हसायची.

तक्ता मी केला. जमिनीवरचा आराखडाही मी कागदावर काढून दिला. तक्त्याच्या खाली मीच लिहिलं होतं: शेजारच्या दीर्घिका. देवयानी, त्रिकोण, मॅजेलनचे दोन ढग. त्याच शब्दांनी आम्हाला बाहेर काढायची सोय होईल हे माझ्या डोक्यात कसं येणार?

आदल्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष बघायला आले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. घराणं खोतांचं. खोती कधीची गेली, पण अण्णांची गेली नव्हती. आमच्याकडे शिमग्यात पालखीला पहिला खांदा कुणाचा, दुसरा कुणाचा, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं. त्याला मान म्हणतात. त्यावरून डोकी फुटतात, कज्जे होतात, पण मान हलत नाही. अण्णांनी फक्कीच्या रेघा बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "मधे कोण?"

गुरुजी म्हणाले, "मधे कुणी नाही, अण्णा. मधला गोल रिकामा ठेवलाय."

"रिकामा कसा? सूर्य कोण आहे?"

"सूर्य तिकडे, त्या भुजेत."

"सूर्य कडेला?" अण्णा हसले. "गुरुजी, सूर्य आमचा सोहम. तो मधे उभा राहील. बाकीचं मानाप्रमाणे लावा."

सोहम त्यांचा नातू, चौथीतला. गुरुजींनी मान डोलावली. रात्रीत यादी नवी झाली. मधे सोहम, सोनेरी मुकुट घालून. पहिल्या भुजेत मानकऱ्यांची पोरं. मग इतर वाड्या. भुजांच्या टोकाला कुणबीवाडी. आणि आम्ही विश्वाच्या शेजारात. माहिती सांगायचा माझा कागद अण्णांच्या पुतणीच्या हातात होता. माझंच अक्षर. ती अडखळत वाचत होती, आणि मी गडग्यापलीकडे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

रत्नागिरीहून एक पाहुणे आले होते. त्यांनी कौतुकानं विचारलं, "वा! आणि हा मधला मुकुटवाला कोण?"

सोहम ओरडला, "मी सूर्य! सगळे माझ्याभोवती फिरतात!"

टाळ्या पडल्या. गुरुजींनीही वाजवल्या. मला टाळ्या दिसल्या नाहीत, गुरुजींचे हात दिसले. त्याच हातांनी मला पुस्तक दिलं होतं.

मी गडग्यावर चढले. म्हणाले, "सूर्य मधे नसतो. मधे कृष्णविवर असतं."

एवढंच. मोठ्यानं, पण ओरडून नाही. पाठ केलेलंच वाक्य होतं, फक्त जागा चुकीची होती.

पाहुणे बघत राहिले. अण्णा उठले. "काय म्हणाली ती? माझ्या नातवाला काळं भोक म्हणाली?" कुणीतरी म्हणालं, "अपशकुन केलान पोरीनं." सोहम रडायला लागला. गुरुजी धावत आले, माझ्या दंडाला धरून मला खाली ओढलं. गुडघा चिऱ्यावर घासला. ते कानाशी म्हणाले, "तुझ्यामुळे माझी बदली होईल, कळतं का?"

नंतर खाऊ वाटला. आत पानावर. आम्हाला पुडे गडग्यावरून फेकले. बाकीच्यांनी झेलले. माझा पुडा कातळावर पडून फुटला. मी उचलला नाही.

रविवारी सकाळी गावकी बसली. देवळासमोरच्या सहाणेवर, जिथं शिमग्यात पालखी बसते. बाबांना निरोप आला: पोरीला घेऊन या, नारळ घेऊन या. गावकीत चूक कबूल करायची ती नारळ ठेवून. आम्ही बौद्ध. देव आम्ही सोडले, पण गावकीनं आम्हाला सोडलं नव्हतं. कायदा तेव्हाही होता. पण पोलिस ठाणं लांब होतं आणि अण्णांची बाग आमच्या दाराला लागून. बाबा त्या बागेत राखणीला होते. हापूसची कलमं त्यांनी पोटच्या पोरांसारखी वाढवली होती, एकही त्यांचं नव्हतं.

सहाणेवर गाव बसलेलं. आम्ही पायरीखाली उभे. बाबांनी नारळ पायरीवर ठेवला आणि हात मागे घेतले, चटका बसल्यासारखे.

अण्णा मला म्हणाले, "नारळानं भागायचं नाही. म्हण, सूर्य मधेच असतो."

मी पायरीवरच्या नारळाकडे बघत राहिले.

"गुरुजी, तुम्हीच सांगा. सूर्य कुठे असतो?"

गुरुजी सहाणेच्या कडेला बसले होते. गोरामोरा चेहरा. मला वाटलं, आता सांगतील. आईशपथ, मला खरंच वाटलं. त्यांना माहीत होतं. त्यांनीच मला दिलेल्या पुस्तकात होतं. गुरुजी म्हणाले, "मुलांना समजावं म्हणून आपण सूर्य मधेच धरतो. पोरीनं अर्धवट वाचलंय."

अर्धवट.

चामडी जळते ती कळते. आतलं काय जळतं ते लगेच कळत नाही. मला वाटत होतं, या लोकांना माहीत नाही म्हणून हे असं वागतात, माहीत झालं की थांबतील. म्हणून तर मी धडपडून वाचत होते. त्या दिवशी कळलं, माहीत असलेला माणूस समोर बसलाय आणि तोच खोटं बोलतोय. शिकून माणूस सुधारतो, हे मी तिथं त्या पायरीखाली सोडून दिलं.

अण्णा बाबांना म्हणाले, "काय रे, पोरगी मुकी झाली काय? तू तरी सांग."

बाबा खाली बघत म्हणाले, "सूर्य मदीच असतो, अण्णा. लहान हाय ती. चुकली."

मी म्हणाले, "नसतो."

बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. आवाज सगळ्या सहाणेला ऐकू गेला.

अण्णा म्हणाले, "आता कसं बरोबर झालं." आणि पान लावायला घेतलं.

मी पुन्हा म्हणाले, "नसतो." बाबांचा हात पुन्हा वर गेला, पण खाली आला नाही. मग त्यांनी मला उचललं, एवढ्या मोठ्या मुलीला, आणि चालायला लागले. घरी आईनं विचारलं, "कशाला बोललीस गो?" सुपातले दाणे दाखवताना ती हसायची, तेवढंच माझ्याकडे उत्तर होतं.

नारळ ठेवूनही राखण गेलीच. बाबा चिरेखाणीत जायला लागले. दहा वर्षं लाल धूळ खाल्ली. आता त्यांना चार पावलं चाललं की दम लागतो. त्या चपराकीबद्दल मी कित्येक वर्षं बाबांचा राग केला. हात बाबांचा होता आणि मारणारे सहाणेवर बसून पान चघळत होते, हे समजायला मला फार उशीर झाला. बाबांची मी माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्यांदा नाय मारलं ना?" आणि तोंड फिरवलं.

आज मी शिक्षिका आहे. गुहागरच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी पोरांना घेऊन अंगणात फक्कीनं आकाशगंगा काढते. चिठ्ठ्या टाकते. ज्याला जी जागा येईल ती त्याची. देवयानीसाठी अंगणाचा दुसरा अर्धा भाग ठेवते, सावलीतला. पोरांना सांगते की ती आपल्या आकाशगंगेपेक्षा मोठी आहे. मागच्या वर्षी एका पालकानं फोन केला, "बाई, आमच्या मुलाला जरा चांगली जागा द्या." मी म्हणाले, "चिठ्ठी त्यानंच उचललीय." त्यांनी माझी तक्रार केली. केली तर केली.

गेल्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला. पंधरा वर्षांनी. निवृत्त होतायत. गावात सत्कार आहे, अध्यक्ष अण्णाच. आवाज गोड. "तू माझी विद्यार्थिनी, विज्ञान शिकवतेस, अभिमान वाटतो बघ. आकाशगंगेची गोडी तुला मीच लावली. चार शब्द बोल. पत्रिकेत नाव घालतो."

मी म्हणाले, "बोलेन. पण विज्ञान दिनाचं आणि रविवारच्या गावकीचं बोलेन."

गुरुजी म्हणाले, "तू अजून तेच धरून बसलीस?" आणि फोन ठेवला.

पत्रिका आली. वाडीत कुणाकडे तरी आलेली, मी बघितली. माझं नाव नाही.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कशाला जुनं उकरतंस गो?"

"जुनं कुठे आहे, बाबा? अण्णाच अध्यक्ष आहेत."

ते खोकत राहिले. मग विचारलं, "माझा पांढरा शर्ट धुतलेला हाय काय?"

सत्कार रविवारी आहे. मी जाणार. बाबांना पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवणार. कुणी उठवायला आलं तर त्याला आधी मला उठवावं लागेल. आभारप्रदर्शनाच्या आधी मी माईक घेणार, कुणी दिला नाही तरी. भाषण करणार नाही. गुरुजींना एकच प्रश्न विचारणार, गावासमोर, अण्णांसमोर: "गुरुजी, सूर्य कुठे असतो?"

आणि ते खरं उत्तर देईपर्यंत माईक सोडणार नाही.