दोन क्लबांत एक किट

पुण्यात बेसबॉल कोणी आणला याबद्दल जाणकारांत मतभेद असतील. पण तो दर रविवारी स्कूटरवरून कोण आणत असे, याबद्दल दुमत व्हायचं कारण नाही. तो माझे चुलतसासरे आणत. म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे काका. मी नोकरीसाठी अमरावतीहून आलेला, कॉम्प्युटरसमोर बसून पोट सुटू लागलेला नवा जावई. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी सहाला काकांनी बेल वाजवली आणि म्हणाले, "आपल्याला दोन पाय आहेत ना? मग चला. नऊ लागतात, आमच्याकडे आठच जण आहेत." जावयाला कुठेतरी नाश्त्याला नेत असतील या आशेनं मी निघालो आणि वाघोलीच्या एका कॉलेजच्या मैदानावर तीन तास उन्हात करपून परत आलो.

काका एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे यंत्रं बसवायला आलेले जपानी इंजिनिअर सुट्टीच्या दिवशी बेसबॉल खेळत, आणि परत जाताना कॅचरचं सगळं किट मागे ठेवून गेले: तोंडावरची लोखंडी जाळी, छातीचं कवच, पायांचे पॅड आणि उशीएवढा जाड हातमोजा. पुढे कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीची टूम काढली. निरोपाला इतरांनी भिंतीवरची घड्याळं घेतली. काकांनी रीतसर अर्ज करून ते किट मागून घेतलं. बॅट फिरवणाऱ्याच्या मागे उकिडवं बसणाऱ्या कॅचरनं त्याच्याशिवाय बसणं म्हणजे हौसेनं दात पाडून घेणं, आणि आमच्या ओळखीच्या क्लबांत असं किट दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. त्यामुळे सामना कुणाचाही असो, काका आल्याशिवाय सुरू होत नसे. बाकी सामान पोत्यात मावे, जाळी मावत नसे. म्हणून काका ती तोंडावर बांधूनच स्कूटर चालवत. एकदा येरवड्याच्या चौकात हवालदारानं अडवलं. "काका, हे हेल्मेट नाही." काका म्हणाले, "मी कधी म्हणालो?" हवालदार पुण्यात नवा असावा, कारण त्यानं पुढचा प्रश्न विचारला, "मग हे आहे काय?" "जाळी," असं सांगून काकांनी स्कूटरला किक मारली.

एकच किट दोन्ही संघांना पुरवायचं, म्हणून डाव बदलला की दोन्ही कॅचर मैदानात समोरासमोर येत. आमचे कॅचर अर्थातच काका; ते अंगावरून एकेक वस्तू उतरवत, जाळी आतून टॉवेलनं पुसत, तिच्यावर पावडर भुरभुरवत ("आपला घाम दुसऱ्याच्या नाकाला कशाला?") आणि मग स्वतःच्या हातांनी सगळं प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर बांधत. मार्केट यार्डच्या क्लबाचा कॅचर तिथलाच एक हमाल होता. त्याच्या छातीला पट्टा पुरेना, तर काकांनी काकूंच्या परकराची नाडी जोडून घेतली. "लई आवळताय काका, श्वास तरी घेऊ द्या की!" तो कळवळायचा. "श्वास डाव संपल्यावर," काका म्हणायचे.

मी क्रिकेटवर वाढलेला. चेंडू मारल्यावर बॅट टाकून पळायचं, हे माझ्या हातांना पटत नसे. मी ती घेऊन पळायचो आणि बेसवर टेकवायचो. एकदा तर समोरून कुणी 'येस' म्हणालं नाही म्हणून पळालोच नाही. दुसऱ्या कुणी असं केलं की काका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. मला मात्र ते एवढंच म्हणाले, "जावईबापू, आपण धावावं अशी सर्वांची इच्छा आहे."

आता खरं सांगायचं तर काका स्वतः फार वाईट खेळत. त्यांनी दुसऱ्या बेसकडे फेकलेला चेंडू वाटेत दोनदा विसावा घेऊन पोचे. गुडघे असे वाजत की बॅटवाला दचकून मागे वळून पाही. पण त्यांना कुणी अवाक्षर बोलत नसे, कारण काका रुसले तर किटही रुसणार. पोहे वाढता वाढता एकदा काकूंनी ते बोलूनच टाकलं, "तुम्हांला कोण बोलावतंय? त्या लोखंडी तोंडाला बोलावतात." काका हसले, पण बशीतले पोहे अर्धे तसेच राहिले. त्या दिवसापासून सामना संपला की स्कूटरला पोतं बांधताना ते मला हळूच विचारत, "खरं सांगा, किट नसतं तर मला घेतलं असतं?" मी म्हणे, "अहो काका, काहीतरीच काय!" जावयाला याहून जास्त खरं बोलता येत नाही.

मग आयटीला बरे दिवस आले आणि आमच्या कंपनीला खेळांना मदत करायची हुक्की आली. मी उत्साहानं पुढे होऊन क्लबासाठी दोन कोरी किटं मिळवली. मैदानावर खोकी उघडली तेव्हा पोरांनी मला खांद्यावर घेतलं, आणि तिथून मला पोतं पाठीवर घेऊन उभे असलेले काका दिसले. त्यांनी नव्या जाळीवरून बोट फिरवलं. "हलकी आहे. चांगलं केलंत," म्हणाले. मला स्वतःचा असा राग आला की खाली उतरावंसंही वाटेना. पुढचे दोन रविवार काका आले नाहीत. त्यांना कुणी फोन केला नाही, मीही नाही.

तिसऱ्या रविवारी मार्केट यार्डशी सामना होता. काका रिकाम्या स्कूटरवरून आले. आमचा कॅप्टन, पंचविशीतला पोरगा, गडबडून म्हणाला, "काका, किट आहे आता आपल्याकडे."

"माहीत आहे. मी आलोय."

मग कॅप्टननं त्यांना पार उजव्या कोपऱ्यात उभं केलं, जिथे सहसा चेंडू फिरकत नाही.

शेवटच्या डावात आम्ही एका रननं पुढे होतो, त्यांचे दोघे बेसवर होते, आणि चेंडू नेमका काकांच्या डोक्यावर उंच गेला. काका दोन्ही हात वर करून गोल गोल फिरले. चेंडू त्यांच्या मागे पडला. दोघेही पळत शेवटच्या बेसवर पोचले, त्यांच्या दोन रन झाल्या आणि आम्ही हरलो. "ओ काका, झोपा काढायला आलात का इथे?" कॅप्टन कडाडला. चेंडू टाकणारा आमचा पिचर ओरडला, "हा कॅच माझ्या आजीनं घेतला असता!" मग बाकीचेही सुटले. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या एका कॅचवर निघालं. मी धावत काकांपाशी गेलो. ते हसत होते, आणि डोळे पाण्यानं भरले होते. "ऐकलंत ना? मला बोलतायत!" मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या काका, होतं असं." त्यांचं हसू जरा उतरलं.

घरी चपला काढायच्या आत त्यांनी काकूंना सांगितलं, "आज मी सामना घालवला. सगळ्यांनी नुसतं सोलून काढलं मला."

"मग हसताय काय असे?" काकू म्हणाल्या, आणि त्याही हसू लागल्या.

त्यानंतर काका तीन-चार वर्षं खेळले, पोटभर बोलणी खात खेळले. आता ते नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, आणि आली की तो रविवारच येतो. त्या दिवशी मैदानावर सातजण त्यांच्यावर ओरडले. गोड बोलणारा मी एकटाच निघालो.