टॅब क्रमांक एकेचाळीस

आमच्या विद्यापीठात तुळयांचं गणित शिकवणाऱ्या सरांना पोरं 'चुकेसर' म्हणत. समोर नुसतं 'सर'. पहिला अर्धा भाग दाराबाहेर पडल्यावर जोडत. माणूस उभ्या फूटपट्टीसारखा. शर्टाच्या बाह्यांवर बारा महिने खडूची भुकटी. तिच्यातून एखादी भिंत सहज रंगवून निघाली असती.

नाव पडलं ते एका सवयीमुळे. दर तासाला ते फळ्यावर मुद्दाम एक चूक करत. तुळईच्या मधोमध वजन ठेवलं तर तिला वाकवणारा जोर काढताना चारने भागायचं असतं. हे बिनधास्त दोनने भागत. मग वर्गाकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे. कोणी 'सर, चुकलं!' म्हणून ओरडेपर्यंत तोंडातून शब्द नाही. एकदा घंटा झाली तरी कोणी बोललं नाही. हे तसेच उभे. पुढच्या तासाचे मास्तर आत येऊन हजेरी घेऊ लागले, तेव्हा कुठे मागच्या बाकावरून आवाज आला आणि यांची सुटका झाली. चूक पकडणाऱ्याला हातातला खडूचा तुकडा बक्षीस.

"पुलाला साहेब कळत नाही," ते म्हणत. "साहेब चुकला की ओरडायला शिका. बाकीचं पुस्तकात आहे."

मग टॅब आले. विभागप्रमुख हा नव्या गोष्टींवर भाळणारा गृहस्थ. नवीन झाडू आला तरी त्याचं उद्घाटन करील. त्याने चाळीस पोरांना चाळीस टॅब वाटले, एक जास्तीचा आला तो चुकेसरांच्या कपाटात ठेवला. सरांनी पडद्यावर पेनाने लिहायचं, बोलायचं, त्याचं रेकॉर्डिंग होणार. पोरांनी घरी बघायचं आणि शंका आली की त्याच पानावर लाल पेनाने गोल करायचा, तो सगळ्यांच्या टॅबवर दिसणार. वर्ग वर्षभर बंद.

"सरळ हिशेब आहे, सर," प्रमुख म्हणाला. "पोरांनी गोल केले, म्हणजे रेकॉर्डिंगवर भागतंय. मग पुढेही तेच. नाही केले, तर तुमचा वर्ग तुम्हाला परत."

घरी बायको म्हणाली, "मग बरंच आहे की! पोरं गप्प बसली की तुम्ही जिंकलात."

"तीस वर्षं त्यांना बोलायला शिकवलं, आणि आता गप्प बसावीत म्हणून देव पाण्यात घालू?"

"घालू नका. पण मनात थोडं तरी असू द्या. दिवसभर घरात बसलात तर माझं काय होईल, याचा विचार केलाय?"

रेकॉर्डिंगच्या खोलीत एक कॅमेरेवाला होता. पहिल्याच दिवशी चुकेसरांनी दोनने भागलं, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि उभे राहिले. मिनिट गेलं.

"सर, अडकला का टॅब?"

"नाही. पोरं विचार करतायत."

"पोरं?" कॅमेरेवाल्याने रिकाम्या खोलीत नजर फिरवली, खुर्चीखालीसुद्धा पाहिलं. "बरं. करू द्या."

सोळा तास झाले, सोळा चुका झाल्या. बरोबर उत्तर त्यांनी एकदाही सांगितलं नाही. ते पकडणाऱ्याने सांगायचं असतं, हा तीस वर्षांचा नियम. रिकाम्या खोलीतही तो त्यांनी मोडला नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. कारण प्रमुखाला व्हिडिओ आखूड हवे होते, आणि कॅमेरेवाल्याने सगळी शांतता कापून टाकली. आता चूक झाली की पुढच्याच क्षणी पुढचं वाक्य. पोरं ती इमानदारीत उतरवून घेत होती.

रोज सकाळी चुकेसर लाल गोल मोजायला जात. शून्य. शून्य. शेवटपर्यंत शून्य. वर्ग परत मिळणार होता, आणि माणूस पायरीपायरीने खचत होता.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा ते प्रमुखाकडे गेले. "त्या सोळा चुका दुरुस्त करू द्या. पोरं चुकीचं लिहून येतील."

"अहवाल जाईपर्यंत व्हिडिओंना हात लावायचा नाही, सर. नियम आहे. परीक्षेनंतर बघू."

त्यांनी फलकावर सूचना लावली, पण अभ्यासाच्या सुट्टीत फलक बघतो कोण? पानावर लिहायचा हक्क फक्त विद्यार्थ्यांच्या टॅबला होता. तेव्हा एका दुपारी चुकेसरांनी कपाट उघडलं, एकेचाळीस नंबरचा टॅब काढला आणि आपलेच सोळा तास विद्यार्थ्यासारखे बसून पाहिले. प्रत्येक चुकीला लाल गोल केला. शेजारी बरोबर उत्तर लिहिलं. सोळाव्यानंतर त्यांनी सवयीने हात खिशात घातला, खडू काढला, आणि तो द्यायचा कोणाला हे न कळून परत ठेवला.

पोरांची उत्तरं बरोबर आली. प्रमुख नाचायचाच बाकी होता.

"सोळापैकी सोळा! कोण हो हा एकेचाळीस? हिरा आहे!"

"तो मी आहे," चुकेसर म्हणाले. "चाळीस जणांतल्या एकालाही काही दिसलं नाही. हे लिहा अहवालात."

प्रमुखाचा चेहरा थोडा उतरला, पण थोडाच. "अहवाल गेलाय, सर. त्यात टॅबचे नंबर असतात, माणसं नसतात. आणि आता चुका दुरुस्त झाल्यात म्हणजे व्हिडिओ अगदी निर्दोष. दहा वर्षं बघायला नको!"

नव्या वर्षाच्या पोरांना ते व्हिडिओ लाल गोलांसकट मिळाले. पकडायला काही उरलं नव्हतं. चुकेसरांना प्रश्नपत्रिका तपासून सही करायचं काम मिळालं. त्याला खडू लागत नाही. शर्टाच्या बाह्या हळूहळू स्वच्छ दिसू लागल्या, आणि स्वच्छ बाह्यांत ते कोणा परक्याचा शर्ट घालून आल्यासारखे दिसत.

एका रविवारी बायको पडद्यांची मापं घेत होती. ते खुर्चीत बसले होते.

"अहो, चार-चार फुटांच्या दोन खिडक्या. म्हणजे एकूण सहा फूट दांडी आणायची, बरोबर ना?"

असं म्हणून ती खिडकीकडे वळली, हात मागे बांधले, आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. बराच वेळ राहिली. रस्त्यावरून एक सायकल गेली, शेजारच्यांचा नळ सुरू होऊन बंद झाला.

"आण," ते म्हणाले. "सहा पुरे."