बासी मुँहची गोळी

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. अविनाशशी तर नाहीच – आई त्याची होती, त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? एकदा बहिणीला फोनवर सांगायला गेले होते, आणि ऐनवेळी सुरळीच्या वड्यांचं प्रमाण विचारून फोन ठेवून दिला. आता तुम्हाला सांगते. तुमची-माझी ओळख नाही, हे एका परीने बरंच आहे.

तशी गोष्ट एवढीशी. डॉक्टरांचं एक हिंदी वाक्य होतं, ते मला मराठीत करून सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. आता एवढंच म्हटलं तर तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? म्हणून जरा मागून सुरुवात करायला हवी.

नव्वदच्या दशकात अविनाशची बँकेतून लखनौला बदली झाली. निशातगंजात वरच्या मजल्यावर घर, खाली सगळा बाजार. सासरे गेले आणि सासूबाई सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना आईच म्हणायचे. त्यांचा आवाज असा की वरून भाजीवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला रिक्षावालाही वळून बघायचा. हिंदी येत नव्हतं, पण म्हणून काही अडत नव्हतं. "ओ भैया, कोथिंबीर आजका देव, कलका नको देव." भैया हसायचा आणि आजचीच द्यायचा. सकाळी पूजेच्या वेळी भूपाळी म्हणायच्या, तेव्हा घरमालकांच्या अम्मा खाली अंगणात खुर्ची टाकून बसायच्या. एक अक्षर कळत नसे त्यांना, तरी बसायच्या.

तोच आवाज दिवसभर माझ्यावरही चालायचा. आमटीत मीठ जास्त. पोळीला पदर सुटत नाही. मिनूला, म्हणजे माझ्या लेकीला, मराठीत काही विचारलं की ती हिंदीत उत्तर देते – तेही माझ्यामुळेच. "लखनौचं पाणी लागलंय तुम्हाला," हे तर उठता-बसता. दुष्ट नव्हत्या हो. पण मी आतल्या आत चरफडत राहायचे, आणि रात्री अविनाशपुढे रडायचे. तो म्हणायचा, यार, सोड ना.

मग त्या उतरत गेल्या. आधी थंडी वाजायला लागली – भर एप्रिलमध्ये, लखनौच्या उन्हात, खांद्यावर शाल. चेहरा सुजल्यासारखा, केसांचे पुंजके कंगव्यात. आवाज घोगरा झाला, बोलणं संथ. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि थायरॉइड निघाला. एक गोळी लिहून दिली, साबुदाण्याच्या दाण्याहून जेमतेम मोठी. रोज, जन्मभर.

डॉक्टर माझ्याशी बोलत होते आणि आई शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आईंना पित्ताचा त्रास जुना. छातीत जळजळ व्हायची, म्हणून गुलाबी सिरप घ्यायच्या, तेही मी सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, "गोली बासी मुँह, सादे पानी से. और वो गुलाबी सिरप इसके साथ हरगिज़ नहीं. चार घंटे का फ़ासला रखिए, वरना गोली लगेगी ही नहीं."

रिक्षात बसल्याबरोबर आईंनी विचारलं, "काय म्हणाला गं?" मी सांगितलं – गोळी उठल्याउठल्या घ्यायची, बासी मुँह.

"बासी? म्हणजे शिळं? शिळ्या तोंडाने घेऊ औषध?" आईंनी तोंड फिरवलं. अंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही न घेणारी बाई ती. "पूजा झाली की घेईन. सांग त्याला."

मला राग आला. एवढ्या उन्हात दवाखान्यात मी घेऊन गेले, ताटकळत मी बसले, आणि वर मलाच 'सांग त्याला'? मरू दे, म्हटलं, घ्या तुम्हाला हवी तेव्हा. आणि सिरपचं वाक्य – चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी लागूच पडणार नाही – तिथेच राहिलं. त्या दिवशी ते रागात राहिलं – इथवर तुम्ही मला माफ कराल कदाचित. पण थांबा.

पूजा झाल्यावर आईंना चहा लागायचा, आणि चहाने जळजळ होते म्हणून त्याआधी झाकणभर सिरप. गोळीही त्याच वेळची ठरली. म्हणजे दोन्ही एकदमच. एका वाटीत गोळी, शेजारी गुलाबी झाकण – रोज सकाळी कोण मांडून ठेवायचं? मीच. औषधं वेळच्या वेळी देते म्हणून अविनाश माझं कौतुक करायचा.

गोळी लागली नाही. कशी लागणार? आई आणखी मंदावल्या. दुपारभर गॅलरीत बसून राहायच्या, खाली भाजीवाला ओरडत असायचा आणि त्या नुसत्या बघायच्या. मीठ जास्त की कमी, कशाबद्दल एक शब्द नाही. काही विचारलं तर म्हणायच्या, "तुझं चाललंय ते बरोबर आहे." किती वर्षं हे वाक्य ऐकायची वाट बघितली होती मी.

आता ते सांगते, जे सांगायला बसले आहे. मला बरं वाटत होतं. घर माझं झालं होतं. मी रेडिओ मोठ्याने लावायचे, हवी तशी आमटी करायचे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी कागद बघून कपाळाला आठ्या घातल्या, गोळीची ताकद वाढवली आणि मला विचारलं, "सिरप अलग दे रही हैं न?" मी म्हटलं, "जी." अगदी सरळ, त्यांच्या डोळ्यांत बघून. तेव्हा राग नव्हता, विसरही पडला नव्हता. मला सगळं माहीत होतं. घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन्ही एकत्र मांडलं. पूर्ण उन्हाळा, पावसाळा, दिवाळी उलटून गेली तरी. हे काय होतं? तुम्ही काय म्हणाल याला?

डिसेंबरात एका सकाळी आई पूजेला बसल्या होत्या. लखनौचं धुकं खिडकीला टेकलेलं. त्यांनी भूपाळीला आवाज लावला आणि आवाज आलाच नाही. नुसती खरखर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग त्या देवाकडे बघत बसल्या, आणि मागे वळून मला म्हणाल्या, "माझ्या हातून काही चुकलं का गं? कुणाला लागेल असं बोलले असेन मी. तुलाच बोलले असेन."

माझ्या हातात ती वाटी होती.

त्या दिवशी मी सिरप मोरीत ओतून टाकलं. नवी बाटली आणली, ती जेवणानंतरची केली. डॉक्टरांनी आता असं सांगितलंय, असं मी आईंना म्हटलं – ही आणखी एक थाप. अंघोळीआधीच्या गोळीला मात्र आई तयार होईनात. शेवटी त्यांनीच तोड काढली. देवघरात गंगाजलाची कुपी होती. "तिच्यातलं चमचाभर घालते साध्या पाण्यात. गंगेला कसलं आलंय शिळं तोंड?" आणि पहाटे अंथरुणात बसून त्यांनी हात पुढे केला.

नंतर जे झालं त्याने मी आजही थक्क होते. आधी शाल सुटली, ऐन थंडीत. मग चेहऱ्यावरची सूज उतरत गेली आणि आतून ओळखीचा चेहरा वर आला. मध्येच छाती धडधडायला लागली – ताकद वाढवलेली गोळी आता खरोखर लागत होती ना. मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे धावले. डॉक्टरांनी ती पुन्हा कमी केली, कागद उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "कमाल है." कमाल कसली, ते मला एकटीलाच माहीत होतं.

आणि एका सकाळी मी पोळ्या लाटत असताना गॅलरीतून आवाज आला – "ओ भैया, ये कलका है." माझ्या हातातलं लाटणं थांबलं. एवढासा दाणा, हो, फुंकर मारली तर उडून जाईल असा, आणि त्यात हे सगळं होतं? तिचा आवाज, तिची भूपाळी, तिचा राग, तिची ती कोथिंबीर? मला वाटत होतं माणूस म्हणजे काहीतरी मोठं, भक्कम असतं. आणि मी ते महिनोन्महिने गुलाबी झाकणाखाली दाबून ठेवलं होतं. दुपारी जेवताना आई म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय आमटीत." मी मोरीशी जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लखनौतल्या मराठी बायका जमल्या, तर त्यांच्यासमोर आई म्हणाल्या, "हिने वाचवलं मला. पोटची पोर असं करायची नाही." मी तिळगूळ वाटत राहिले.

पुढे बरीच वर्षं गेली. ते डॉक्टर दुसरीकडे गेले होते, ते परत आले, म्हणून मी आईंना त्यांच्याकडे तपासायला नेलं. आई नेहमीसारख्या शेजारी. डॉक्टरांनी जुने कागद चाळले आणि हसून मला म्हणाले, "शुरू में तो बड़ा परेशान किया इन्होंने. मैंने पहले ही दिन आपसे कहा था, सिरप साथ में दीजिएगा तो गोली लगेगी ही नहीं. दूसरी बार भी पूछा था. याद है?" मी म्हटलं, "जी."

आई या वेळी माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. त्या डॉक्टरांकडे बघत होत्या.

इतक्या वर्षांत त्यांना किती हिंदी यायला लागलं होतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. घरमालकांच्या अम्मांशी रोज दुपारी तास-तास गप्पा चालायच्या. मिनूशी तर त्या आता हिंदीतच भांडायच्या.

रिक्षात बसलो. निशातगंजचा पूल आला. मग त्यांनी नेहमीचंच विचारलं, "काय म्हणाला गं?"

सांगायला एवढा एकच क्षण होता. मी म्हटलं, "काही नाही, सगळं ठीक आहे म्हणाले."

आई समोर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "अच्छा."

मराठीत नाही. हिंदीत. उभ्या जन्मात माझ्याशी त्या एवढा एकच शब्द हिंदीत बोलल्या.

रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे गोळी आणि गंगेच्या पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्या जाग्याच होत्या. माझ्याकडे नीट बघितलं, आणि रोजच्यासारखा हात पुढे केला. मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती घेतली.