शिवानं वेगळा काढलेला ड्राइव्ह

भंगारात देण्याआधी खजुरी गावातल्या आमच्या दुकानातला जुना संगणक चालू केला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि माझा धाकटा भाऊ शिवा आठवला. पडद्यावर त्यानं केलेला ड्राइव्ह अजून होता.

तो ड्राइव्ह पहिल्यांदा दिसला तेव्हा मी भडकलो होतो. "आतापासूनच हिस्सा वेगळा काढायलास व्हय?"

"न्हाई अण्णा. आतलंच फोल्डर हाय, नुसतं वेगळं दिसायलंय. तुम्हाला सापडंना म्हणून..."

मी पुढं बोलूच दिलं नाही. तो दुकान सोडून कलबुर्गीला गेला आणि तिकडंच वारला. त्यानं ओरडून सांगायला हवं होतं, हा राग अजून जात नाही.

रागानं कधीच न उघडलेला तो ड्राइव्ह आज उघडला. आत वडिलांचे फोटो होते. अप्पा गेल्यापासून मी तेच रोज शिवाकडं मागायचो.

भंगारवाला भाव वाढवत होता. मी संगणक उचलून आत नेला.