लेकीचं विरजण

बाळांनो,

गेल्या महिन्यात तुम्ही जुन्नरला आलात, तेव्हा धाकट्याने पाण्यासाठी फ्रीज उघडला आणि ओरडला, "आजी, हे सगळं खराब झालंय!" दारातल्या कप्प्यात काचेच्या तीन नळ्या होत्या आणि आत हिरवट-पिवळी बुरशी. मी म्हटलं, ते तुझ्या आईचं आहे, हात लावू नकोस. तुमची आई तेव्हा फोनवर बोलत होती. मग जेवणं झाली, ओझरच्या गणपतीला जाऊन आलो, नवव्या दिवशी तुम्ही गेलात आणि उत्तर राहून गेलं. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहिते आहे. मोठीला मराठी वाचता येतं, तिने धाकट्याला वाचून दाखवावं.

क्रमाने सांगते. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. तुमची आई पुण्यात संशोधन करत होती. कापड विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ, म्हणजे पिठाची पेज, लावतात. कापडाला रंग द्यायचा तर आधी ती खळ काढावी लागते. त्यासाठी ॲसिड वापरत, आणि ते पाणी गटारातून नदीत जाई. तुमच्या आईचं म्हणणं असं की, गव्हाच्या कोंड्यावर एक ठरावीक बुरशी वाढवली की ती एन्झाइम तयार करते. तो कोंडा पाण्यात कालवून गाळला आणि त्या पाण्यात कापड भिजवलं की खळ विरघळून जाते. कापडाला इजा नाही, नदीला त्रास नाही. आणि कोंडा आपल्याकडे म्हशींपुढे टाकतात.

मग तिला परदेशात जागा मिळाली. जाताना तिने तीन नळ्या आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद माझ्या हातात दिला. "वर्षात परत येते, आई. तोवर एवढं सांभाळ." कागदाची शेवटची ओळ होती : हिला मरू देऊ नकोस. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्या कागदातले दोन स्वल्पविराम मी दुरुस्त केले. रसायनशास्त्र मला कळत नव्हतं. पण लिहिलेल्या सूचना पाळता येत होत्या.

तुमच्या आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बटाट्याच्या पाण्यात साखर आणि ते गोठून घट्ट व्हावं म्हणून चायना ग्रास घालून शिजवी, नळ्यांत ओती, कापसाचे बोळे लावून कुकरमध्ये वाफवी. थंड झाल्यावर ज्योतीवर तापवलेल्या तारेने जुन्या नळीतली चिमूटभर बुरशी नव्या नळीत सोडी आणि वर तारखेची चिठ्ठी डकवी. संध्याकाळी तुमच्या आईचा फोन येई. "कशी आहे ती?" हा पहिला प्रश्न. "छान वाढतेय," मी सांगे. मग, "आणि तू?"

वर्ष झालं. तिचं काम लांबलं. दुसरं वर्ष झालं. फोनवर "ती" मागे पडली आणि व्हिसा, घर, लग्न असं सगळं पुढे आलं. मी विचारत नव्हते. नळ्या जिवंत असेपर्यंत तिचं इथलं काम अर्धं पडलेलं होतं, आणि अर्ध्या कामासाठी माणूस परत येतं, असा माझा हिशेब होता.

बाजारातल्या बोळात एक रंगारी राहत. मांजरपाट रंगवून परकराचं कापड करत. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. तिची आई फॉर्मवर सही करायला शाळेत आली, तेव्हा तिचे तळवे पाहिले. ॲसिडने चिरा पडल्या होत्या, पेन धरवत नव्हतं. तिला घरी बोलावलं आणि कागदात लिहिल्याप्रमाणे परातीत बुरशी वाढवलेला कोंडा दाखवला.

"अगं बया!" ती मागेच सरकली. "बाई, आमच्या पोरींची नखं तपासता आन् सोताच्या घरात बुरसलेलं ठेवता व्हय?"

मी तिच्या मांजरपाटाचा तुकडा कोंड्याच्या कोमट पाण्यात सकाळपर्यंत ठेवला. दुसऱ्या दिवशी कोऱ्या तुकड्यावर आयोडिनचा थेंब टाकला. तो निळाकाळा झाला. भिजवलेल्यावर टाकला, तो नुसता तपकिरी राहिला. खळ गेली होती. तिने कापड गालाला लावून पाहिलं.

"लई मऊ झालंय. म्हंजी हे विरजणच की वो, बाई. दुधाऐवजी कोंड्याला लावायचं."

इतकं सरळ मला कुणी समजावलं नव्हतं. तिने चारदा येऊन सगळं शिकून घेतलं. तिला रंगवायला कापड देणारे मारवाडी शेठ धर्माने जैन होते. त्यांनी मला दुकानासमोर थांबवून विचारलं, "बाई, त्यात जीव असतो का हो?"

"असतो."

"मग मला सांगितलंच नाही असं समजा," म्हणाले आणि गज घेऊन मापायला लागले.

पुढे काही वर्षांनी घोडेगावला माझ्या बहिणीचा पाय मोडला. तीन आठवडे तिच्याकडे राहिले. परत आले तर फ्रीज बंद पडलेला. त्या दिवसांत वीज दिवसातून किती वेळा जाई त्याला गणती नव्हती; त्यातच तो जळला असावा. नळ्यांत काजळासारखी काळी बुरशी माजली होती. ती आमची नव्हती. प्रत्येक नळीतून तारेने नव्या नळीत घेऊन पाहिलं. सगळीकडे काळंच उगवलं. तो कागद काढून शेवटची ओळ वाचली आणि परत घडी घातली. त्या रविवारी फोन आला तेव्हा सगळं ठीक आहे म्हटलं.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर रंगाऱ्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोला अपराध्यासारखं सांगितलं, मेलं सगळं.

"मंग? आमच्याकडं हाय की," ती म्हणाली. दर खेपेला ती मूठभर कोंडा सावलीत वाळवून बरणीत ठेवत असे, पुढच्या खेपेच्या विरजणाला. मी हात पुढे केला. तिने उंबऱ्यातून बाहेर बघितलं.

"आता न्हाई, बाई. दिवेलागण झाली. तिन्हीसांजेला विरजण देत न्हाईत."

"अगं, ही बुरशी आहे!"

"आसंल. विरजण ते विरजण."

वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी मी निमूट घरी आले. सकाळी ती स्वतः वाटी घेऊन आली. मी वाटी रिकामी परत केली नाही, साखर घालून दिली. पाचव्या दिवशी नळीत मुगाच्या रंगाची बुरशी उगवली.

मला इतका आनंद झाला की रविवारची वाट न बघता मीच तुमच्या आईला फोन लावला. मेली कशी, मिळाली कुठे, सगळं सांगितलं.

"आई, तू अजून ठेवली होतीस? मला वाटलं, केव्हाच टाकली असशील. मी तो विषय सोडून किती वर्षं झाली."

आनंदावर विरजण पडणं म्हणतात ते हेच असेल. मी म्हटलं, "असू दे, जागा फारशी लागत नाही." मग मोठीला दात येताहेत, असं काहीतरी ती सांगत राहिली.

तिची चूक नव्हती. मी कधी विचारलं नव्हतं, तिने कधी सांगितलं नव्हतं. पुढच्या पहिल्या रविवारी मी बटाटे सोलले.

आता तयार रंगीत परकर येतात. रंगाऱ्याकडे काम थोडंच उरलंय, पण आहे तेवढं कोंड्याच्या पाण्यावरच होतं. त्याच्या बायकोचे तळवे बरे झाले. शेठ अजून काही विचारत नाहीत.

तुमची आई या खेपेलाही फ्रीजपाशी गेली नाही. फ्रीजच्या दारात तीन नळ्या आहेत आणि रंगाऱ्याच्या फडताळात एक बरणी. दोन्हींतलं जिवंत आहे.