भडंगाच्या अक्षता

कुपवाडचा आमचा कॉम्प्युटरवाला बिघडलेली हार्डडिस्क आधी कानाला लावतो. आतली खरखर ऐकतो आणि पान्हा चोरणाऱ्या म्हशीला चुचकारावं तसं म्हणतो, "सोड की गं बाई!"

माझ्या बहिणीच्या लग्नाचा एकुलता एक व्हिडिओ अशाच डिस्कमध्ये अडकला होता. निरोप आला म्हणून गेलो, तर मंगलाष्टका रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या. आत तो आणि शेजारचे दुकानदार पडद्यासमोर ताठ उभे. मी स्टुलावर टेकणार तोच त्यानं दटावलं, "अक्षता पडताना बसायचं न्हाई!" आणि माझ्या हातावर मूठभर भडंग ठेवलं. 'सावधान' झालं की सगळे भडंग उधळत होते. मीही उधळलं.

व्हिडिओ भरलेली नवी डिस्क देत तो म्हणाला, "आवं, आजच अजून येक कॉपी काढा. पुन्यांदा लगीन लावायला यवढं भडंग कुठनं आणू?"