उष्ट्याचं ताट

मालकीणबाईंनी, म्हणजे वैनींनी, माझ्या लेकीच्या, मायाक्काच्या, कानशिलात मारली. पोर तीन वर्षांची. अंगणात चिंचोके मांडून बसलेली. वैनी मागून "सरक तिकडं" म्हणून ओरडत आल्या, पोर हलली नाही. एवढाच गुन्हा. पोर तोंडावर पडली, ओठ फुटला, फरशीवर रक्त सांडलं.

वैनी मला म्हणाल्या, "आधी फरशी पूस."

आम्ही जतकडचे धनगर. नवरा मेंढरांमागं फिरायचा आणि मी कृष्णाकाठच्या या ऊसवाल्यांच्या घरी राबायचे. वैनींचा पोरगा बाळराजे माझ्याच कडेवर वाढला. त्याची लाळ, त्याचा शेंबूड, त्याचं हगणं-मुतणं, सगळं माझ्या हातानं.

"आवं वैनी, तिला ऐकू येत न्हाई."

"मग त्ये कुनाचं पाप? पोटुशी असून गिरानात इळीवर बसलीस. भोग आता."

विळीवर बसवलं कुणी? त्यांनीच. त्या ग्रहणाच्या दिवशी त्यांची गरोदर जाऊ आतल्या खोलीत पडून होती, तिनं काही चिरायचं नाही, मोडायचं नाही. माझ्यापुढं मात्र वांग्यांचा ढीग ओतला. आमच्या पोटाला ग्रहण लागत नसावं. याच ग्रहणावरून नवऱ्यानंही मला काठीनं फोडून काढलं होतं. मीही तेच खरं धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन सांगली गाठली. सरकारी दवाखान्यात कान तपासले, मेंदूचा फोटो काढला. मी डॉक्टरीणबाईंना ग्रहणाचं विचारलं.

"ग्रहणानं कुणी बहिरं होत नाही," त्या म्हणाल्या. "सायटोमेगॅलो नावाचा विषाणू असतो. लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून लागतो. मोठ्या माणसाला बहुधा कळतही नाही. पण गरोदरपणात लागला तर पोटातल्या बाळाच्या कानाला, मेंदूला इजा करू शकतो. हिचं बहुतेक तेच झालंय. कुठून आला, ते आता सांगता येणार नाही."

लाळ म्हणाल्या आणि मला उष्ट्याचं ताट आठवलं.

त्या घराची रीत होती. पोराला सांभाळणाऱ्या बाईनं पोराचं उष्टं खायचं, म्हणजे पोराला दृष्ट लागत नाही. बाळराजेनं चिवडून थुंकलेला दूधभात ताटासकट माझ्यापुढं यायचा. पोटुशी असताना एकदा नको म्हणाले. मळमळत होतं. वैनींनी मानगूट धरून माझं तोंड ताटात दाबलं. "माजलीस व्हय गं?" नाकात भात गेला. मी खाल्लं.

विषाणू त्याच घासातून आला का, मला ठाऊक नाही. त्या लेकराचा तर काडीचा दोष नाही. पण मानेवरचा हात विषाणूचा नव्हता.

परतले ती पोरीसकट थेट वैनींच्या स्वयंपाकघरात गेले. काम सोडते म्हणून सांगायचं होतं. तिथं नवी कामाला लागलेली बाई बसली होती, सहा महिन्यांची पोटुशी. पुढ्यात वैनींच्या जावेच्या पोराचं उष्टं ताट.

मी लाथ घातली. ताट भिंतीवर आदळलं.

"खाऊ नगंस बाई. लाळंतनं पोटातल्या लेकराला बाधू शकतं म्हनत्यात. माझ्या पोरीकडं बघ आन् मग ठरीव," मी तिला म्हणाले.

वैनींनी हात उगारला. मी मनगट धरलं आणि पिरगाळलं. बांगड्या फुटल्या, वैनींचं रक्त माझ्या बोटांवर आलं. त्या किंचाळल्या. मी सोडलं नाही.

"परत उचलला तर मोडीन," एवढंच म्हणाले.

ती बाई माझ्या मागोमाग बाहेर पडली.

आता कानाचं मशीन मिळायचं आहे. तोवर पोरीला खुणा शिकवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आई, पाणी, भाकरी अशा खुणा आधी शिकवतात म्हणे. मी पहिल्यांदा 'नाही' शिकवलं. पंजा ताठ, समोरच्याच्या तोंडापुढं. तरीही कुणी मारायला आलं तर दात रोवायचे आणि रक्त येईस्तोवर सोडायचं नाही, हेही शिकवलंय.